सातपुड्याची टोपली: करताना, घेताना, देताना

दिवाळी जवळ आली किंवा शाळेचं प्रदर्शन ठरलं की जळगाव-धुळ्याकडे ‘आदिवासी कले’च्या वस्तू करायची टूम निघते आणि बहुतेक ठिकाणी वारली चित्रंच रंगतात. वारली डहाणू-तलासरीकडची. सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांची ती नव्हे. म्हणून सामान आणण्याआधी ठरवा, वस्तू कोणाची? ‘आदिवासींची’ एवढं उत्तर पुरत नाही. पावरा, भिल्ल, मावची, कोकणा, कोटवालिया असं नेमकं नाव सांगता आलं पाहिजे.

मग बघा की ती पूजेतली तर नाही ना. वारलींचा लग्नचौक सवाशिणी काढतात, त्यात पालघाट देवी असते. तो चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकतीवर काढू नये. नाचणारी माणसं, झाडं, शेत खुशाल काढा. छोटा उदेपूरच्या राठवांचं भिंतीवरचं पिठोरा चित्र नवसाचं असतं, तेही सोडा. आपल्याकडच्या होळीत सोंग घेऊन नाचणारे बावा-बुध्याही तसेच. मोरपिसांचा टोप आणि कमरेचे भोपळे अंगावर घेणारा त्या दिवसांत नेम पाळत असतो. स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचा टोप घालून पोरं नाचवणं म्हणजे कोणाच्या तरी देव्हाऱ्यातले टाक खेळायला आणणं. (मोरपिसाची वस्तू परदेशी पाहुण्याला तर देऊच नका, ती देशाबाहेर न्यायला बंदी आहे.)

रोजच्या वापराची टोपली मात्र शिकायला मोकळी आहे. नवापूरकडे बांबूकाम हे कोटवालियांच्या पोटाचं काम. त्यांच्याकडे शिकायला बसलात तर जेवढे दिवस बसाल तेवढ्या दिवसांची मजुरी द्या, कारण त्यांचं विणकाम तेवढं थांबतं.

२० सेंमी तळाची, १२ सेंमी उंचीची टोपली करायची तर तीन वर्षांपुढचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्या. कोवळ्या बांबूत पाणी जास्त असतं. तो सुकला की आकसतो आणि वीण ढिली पडते. कोयत्याने उभा चिरून ६० सेंमी लांब, १ सेंमी रुंद आणि साधारण १ मिमी जाड अशा आठ कामट्या काढा. लांबीचा हिशोब असा: तळ २०, दोन्ही बाजूंची उंची २४, काठाला मुडपायला १६. विणायच्या पट्ट्या ५ मिमी रुंद आणि कामटीच्या निम्म्या जाडीच्या हव्यात. हिरव्या सालीकडचा भाग वापरा, आतला मऊ गर तासून टाका.

आठ कामट्या मधोमध चांदणीसारख्या एकमेकींवर ठेवल्या की सोळा टोकं होतात. इथेच नवशिक्यांचं घोडं अडतं. टोकं सम असली तर पट्टी दुसऱ्या फेरीतही त्याच कामट्यांवरून जाते आणि वीण बसतच नाही. म्हणून अर्धी कामटी मध्ये खोचून सतरा करा. पट्टी एकीच्या वरून, पुढचीच्या खालून न्या. तळ २० सेंमीचा झाला की कामट्या ओल्या करून वर वळवा. कोरड्या वळवल्या तर गाठीपाशी तडकतात. दर दोन-तीन फेऱ्यांनी वीण खाली ठोका. काठाला प्रत्येक टोक शेजारच्या कामटीलगत आत खोचा.

महिन्या-दोन महिन्यांत खाली पिठासारखी भुकटी पडली तर समजा भुंगेरा लागला. बांबूतल्या पिष्टावर तो जगतो. शोभेच्या टोपलीसाठी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून पट्ट्या दिवसभर बुडवा आणि सावलीत वाळवा. भाकरी किंवा फळं ठेवायची असतील तर हे द्रावण नको. पट्ट्या आठवडाभर साध्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला.

विकत घेताना भाव असा तपासा: दिवसाला दोन टोपल्या होत असतील तर एका टोपलीत अर्ध्या दिवसाची मजुरी, वर बांबू आणि बाजाराचं भाडं. त्याखाली मागू नका. बचत गटाने स्वतः विणलेल्या टोपल्या नवापूरच्याच बाजारात स्वस्तात विकायला बसू नये, हे वेगळं सांगायला नको, पण होतं. सोबतच्या चिठ्ठीवर ‘कोटवालियांच्या पद्धतीची, अमुक गटाने विणलेली’ असं लिहा. कारागिराचं नाव आणि फोटो विचारूनच. अंगावर घातलेला चांदीचा दागिना आवडला तरी किंमत विचारू नका. असे दागिने अडीनडीलाच विकले जातात.

पाड्यावर काही द्यायला न्यायचं असेल तर आधी निरोप पाठवा आणि एका घराला पुरेल एवढंच न्या. जुन्या कपड्यांचं गाठोडं आणि फोटोसाठी पोरांना रांगेत बिस्किटं, दोन्ही टाळा. मोहाची दारू पुढे आली तर आधी जमिनीवर धार सोडली जाते, तोवर थांबा. घेत नसाल तर हात जोडून सांगा, नाक मुरडू नका. निघताना धडगावकडचा आमचूर हातावर ठेवला तर पैसे काढू नका. विकत हवा असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा वजन करून घ्या आणि पूर्ण भाव मोजा. एखादं भांडं भरून दिलं असेल तर ते परत जाताना रिकामं जाऊ नये.