कूलरची हवा लागत नाही, नस दबते! हातापायाची नस ओळखताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात हे वाक्य ठरलेलं असतं: "कूलरसमोर झोपलो अन् सकाळी हात लटकला, हवा लागली बाप्पा." फिजिओथेरपीच्या टेबलाशी बसून हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न तोंडातच असतो: रात्री लग्न होतं का? बहुतेकदा असतंच. जागरण, दोन पेग आणि खुर्चीच्या पाठीवर हात टाकून मेल्यासारखी झोप. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडिअल नस दबून राहते आणि मनगट वर उचलत नाही. हवेचा काही संबंध नाही.

मात्र तोंड वाकडं झालंय, जीभ अडखळतेय किंवा त्याच बाजूचा पाय जड वाटतोय, तर तो लकवा समजून तडक मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. शंका असली तरी हेच करा.

लटकलेल्या मनगटाची पकड तपासताना भलेभले फसतात. मनगट खाली पडलेलं असताना मूठ आवळायला सांगितलं, तर पकड ढिलीच लागते. मग "हाताच्या तिन्ही नसा (रेडिअल, मिडियन, अल्नार) गेल्या" असा निकाल! स्वतःचं मनगट खाली वाकवून मूठ आवळून बघा, तुमचीही ढिली होईल. रुग्णाचं मनगट हाताने वर धरा, मग पकड बघा. बोटं फाकवायला लावताना तळहात टेबलावर सपाट ठेवा. कोपर जोर लावून सरळ होत असेल, तर बिघाड बहुधा दंडात आहे. तेही कमजोर असेल, तर काखेकडे किंवा मानेकडे बघावं लागतं.

मुंग्यांसाठी अनामिका तपासा. तिच्या दोन्ही कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. मधल्या बोटाकडची अर्धी बाजू बधिर असेल तर मिडियन नस, करंगळीकडची असेल तर अल्नार. मानेतून दुखणं आलं असेल तर बोट असं मधोमध सहसा विभागत नाही. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं? मग मिडियन नस जिथून जाते तो मनगटातला बोगदा आवळलाय. "हात दुखतो" म्हणून थेट मानेचा पट्टा बांधू नका.

आता पाय. सोयाबीनमध्ये चार दिवस उकिडवं बसून निंदण केलेली एक बाई आली होती. चालताना चप्पल निसटून मागे राहायची. कमरेचा एमआरआय हातात, त्यात चकती थोडी सरकलेली, म्हणून इलाज कमरेचा. पाऊल आत वळवायला सांगितलं, तर माझ्या हाताला रेटा बसला. बाहेर वळवताना मात्र काहीच नाही. कमरेची पाचवी नस गेली असती तर आत वळवणंही ढिलं पडलं असतं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे टोकदार हाड लागतं, त्याखाली तिची नस दबली होती.

घट्ट जीन्स किंवा सुटलेलं पोट, आणि फक्त मांडीची बाहेरची बाजू जळजळते, ताकद शाबूत? कमरेखालची कातडीची नस आहे ती. पट्टा सैल करा.

विदर्भात कुष्ठरोग विसरून चालत नाही. कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं आनंदवन आणि वर्ध्याजवळचं दत्तपूर इथलंच. करंगळी बधिर, बोटं वाकलेली, आणि कोपरामागे दोरीसारखी जाड नस लागते? बी-१२ची इंजेक्शनं घेत बसू नका. बधिर चट्टा शोधा आणि सरकारी दवाखाना गाठा. औषध फुकट मिळतं.

शीर, स्नायूची दोरी, चेतातंतू, सगळ्यालाच आपण 'नस' म्हणतो. म्हणून "नस मोकळी करणारा" मालिशवाला दबलेल्या जागीच रगडतो. बधिर हातावर गरम पाण्याची पिशवीही नको, भाजलेलं कळत नाही. लटकलेल्या मनगटाला स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावा. नसेची विजेवरची तपासणी सहसा तीनेक आठवड्यांनी करा, दुसऱ्याच दिवशी केली तर नसेचं खरं नुकसान दिसत नाही. आतला तंतू तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. दंडापासून मनगट उचलणाऱ्या स्नायूपर्यंत किती महिने लागतील, ते टेपने मोजून बघा.