सर्व्हिसिंगनंतर बाइकमध्ये ऑइल जास्त किंवा चुकीचे पडले असेल तर

सर्व्हिसिंगहून आणलेली बाइक लगेच जड चालू लागली, सायलेन्सरमधून निळसर धूर आला किंवा रेस वाढवूनही वेग धरेना, तर इतर कशाच्या मागे लागण्याआधी इंजिन ऑइल तपासा. गॅरेजमध्ये अनेकदा इंजिनाला लागते तेवढे नव्हे, तर बाटलीत असते तेवढे ऑइल ओतले जाते. मॅन्युअलमध्ये बहुधा दोन आकडे असतात: ऑइल बदलताना लागणारे आणि इंजिन पूर्ण उघडून जोडल्यावर लागणारे. दुसरा आकडा मोठा असतो. साध्या सर्व्हिसिंगला पहिलाच धरायचा, कारण ड्रेन केल्यावरही थोडे जुने ऑइल आत उरतेच.

पातळी अशी मोजा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करा आणि ऑइल खाली उतरायला दोन-तीन मिनिटे द्या. डिपस्टिक (ऑइल मोजायची खुणांची पट्टी) पुसून पुन्हा घाला. ती आटे न फिरवता नुसती टेकवायची की पूर्ण आवळायची, हे मॅन्युअलमध्ये पाहा. आवळायची डिपस्टिक नुसती टेकवली, तर ऑइल कमी दिसते आणि मेकॅनिक आणखी ओततो. साइड स्टँडवरही तेच होते: गाडी डावीकडे कलते आणि उजव्या बाजूच्या डिपस्टिकवर पातळी खोटी, खाली दिसते. डिपस्टिकऐवजी ऑइल दिसायची काच असलेल्या इंजिनात गाडी सरळ धरून पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते बघा.

वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल, तर गाडी पळवू नका. इंजिनातला फिरणारा दांडा (क्रँक) ऑइल घुसळतो, फेस होतो, दाब वाढतो आणि इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात जाते. धूर तिथूनच सुरू होतो.

जादा ऑइल काढायला इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट सैल करू नका. धार आवरत नाही आणि ॲल्युमिनियमचे आटे खराब होण्याची भीती असते. मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणा, तिला पातळ नळी जोडा आणि इंजिन कोमट असताना ऑइल भरायच्या भोकातून ओढा. दर 50 मिलीनंतर पातळी पाहा. मग एअर फिल्टर उघडा: कागदी फिल्टर तेलकट झाला असेल तर धुऊन भागत नाही, बदलावाच लागतो. डब्याखालच्या नळीत साचलेले ऑइलही काढा.

पातळी बरोबर असूनही चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच सरकतो आहे. आधी क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिमी मोकळीक आहे का पाहा. केबल जास्त ताणली असेल तरी हेच होते. केबल ठीक असेल, तर बाटलीचे लेबल मागून घ्या. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्याला जासो (JASO, बाटलीवर छापलेले जपानी मानक) एमए किंवा एमए2 दर्जाचे ऑइल लागते. जासो एमबी स्कूटरसाठी असते, कारण तिथे क्लच कोरडा असतो. कारच्या पातळ, इंधनबचतीच्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे घटकही क्लचला मारक ठरतात.

चुकीचे ऑइल निघाले तर गरम इंजिनातून ते पूर्ण ड्रेन करा, कागदी ऑइल फिल्टर असेल तर तो आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका, मग मॅन्युअलमधल्या ग्रेडचे ऑइल मोजून भरा. थोडे चालवूनही क्लच सरकतच राहिला, तर पुन्हा एकदा ऑइल बदला. त्यानेही फरक पडला नाही, तर क्लचच्या प्लेट चकाकून गुळगुळीत झाल्या असतील. त्या बदलताना नव्या प्लेट आधी योग्य ऑइलमध्ये भिजवून बसवायला सांगा.