लाटेकमध्ये मराठी-इंग्रजी प्रमेये मांडताना या चुका टाळा

गणिताची टिपणे, प्रश्नसंग्रह किंवा प्रबंध मराठीत आणि इंग्रजीत एकाच दस्तऐवजात ठेवायचा असेल, तर लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत सर्वांत जास्त घोळ प्रमेयांच्या शीर्षकांत होतो. मजकूर मराठी असतो आणि त्याच्या डोक्यावर ‘थिअरम’ छापलेले असते, सिद्धतेची सुरुवात ‘प्रूफ’ने होते, आणि कधी कधी एकाच विभागात 1.1 या क्रमांकाची दोन प्रमेये निघतात. या सगळ्याचे मूळ बहुतेक वेळा एकाच गैरसमजात असते. प्रमेयाचे नाव, त्याचा क्रमांक, त्याचा फाँट आणि त्या जागी चालू असलेली भाषा या चार गोष्टी लाटेकच्या दृष्टीने स्वतंत्र आहेत, आणि आपण मात्र भाषा बदलली की उरलेल्या तिन्ही आपोआप बदलतील असे धरून चालतो.

पुढचे सर्व विवेचन लुआलाटेक हे इंजिन (फाइलवरून पाने तयार करणारा प्रोग्राम) आणि भाषा सांभाळणारे बेबल व प्रमेये मांडणारे एएमएसथिअरम ही पॅकेजे गृहीत धरून केले आहे. पीडीएफलाटेक या दुसऱ्या इंजिनवर देवनागरी मजकूर थेट टाइप केला, तर पहिल्याच अक्षराला ‘हे युनिकोड अक्षर लाटेकमध्ये वापरण्यासाठी सज्ज केलेले नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन काम थांबते. त्यावर उपाय शोधत बसण्यापेक्षा इंजिन बदलणे केव्हाही शहाणपणाचे. टेक लाइव्ह या लाटेकच्या वितरणात 2020 पासून लुआलाटेकमध्ये अक्षरे जुळवणारा हार्फबझ हा रेंडरर अंतर्भूत आहे, त्यामुळे बेबलफाँट आदेशात मराठीसाठी नोटो सेरिफ देवनागरीसारखा फाँट देऊन रेंडरर हार्फबझच आहे याची खात्री केली की जोडाक्षरे आणि रफार नीट बसतात. फाँटमध्ये अक्षरच नसेल तर छापील पानावर रिकामी जागा किंवा चौकट उरते आणि त्याची सूचना लॉग फाइलमध्ये दडून राहते. ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या सेटिंगची किंमत 3 ठेवली, तर टेक लाइव्ह 2021 पासून हीच सूचना चूक म्हणून समोर येते. प्रत्येक बहुभाषिक दस्तऐवजात ही ओळ असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक भाषेसाठी वेगळे एन्व्हायर्नमेंट करणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. न्यूथिअरम आदेशाने इंग्रजीसाठी एक आणि मराठीसाठी दुसरे एन्व्हायर्नमेंट (बिगिन आणि एंड यांमधला मजकूर ठरावीक रूपात छापणारी रचना) केले जाते. दोघांचे काउंटर (क्रमांक मोजणारे गणक) वेगळे असल्यामुळे इंग्रजी परिच्छेदात ‘थिअरम 1.1’ आणि त्याखालच्या मराठी परिच्छेदात ‘प्रमेय 1.1’ असे दोन वेगळे निष्कर्ष एकाच क्रमांकाने छापले जातात. दुसऱ्या न्यूथिअरमला चौकटी कंसात पहिल्याचे नाव देऊन काउंटर सामायिक करता येतो, आणि दोनच एन्व्हायर्नमेंट असतील तर तेवढे पुरतेही. मात्र प्रमेय, उपप्रमेय, व्याख्या, उदाहरण आणि टीप अशी पाच एन्व्हायर्नमेंट दोन भाषांत झाली की दहा व्याख्या सांभाळाव्या लागतात, आणि एखाद्या मजकुराचे भाषांतर करताना त्याची सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही ओळी बदलाव्या लागतात.

त्याऐवजी एन्व्हायर्नमेंट एकच ठेवावे आणि न्यूथिअरमच्या दुसऱ्या कंसात प्रत्यक्ष शब्द न लिहिता थिअरमनेम यासारखा एक मॅक्रो (आपण अर्थ ठरवलेला आदेश) द्यावा. न्यूथिअरम हे नाव जसेच्या तसे साठवून ठेवते आणि त्याचा विस्तार प्रमेय छापताना होतो, म्हणून त्या क्षणी जी भाषा चालू असेल तिचा शब्द उमटतो. लिक्स हे संपादन-सॉफ्टवेअर तयार होणाऱ्या लाटेक फाइलमध्ये नेमकी हीच पद्धत वापरते.

नावे प्रिअँबलमध्ये नुसती बदलून टाकणे

‘प्रूफ’च्या जागी ‘सिद्धता’ यावे म्हणून अनेक जण प्रिअँबलमध्ये (मजकुराआधीच्या भागात) रिन्यूकमांडने प्रूफनेम बदलतात आणि तरीही ‘प्रूफ’च छापले गेले म्हणून बुचकळ्यात पडतात. बेबल दस्तऐवजाच्या सुरुवातीला मुख्य भाषेची सर्व कॅप्शन-नावे (‘प्रूफ’सारखे आपोआप छापले जाणारे शब्द) पुन्हा बसवते, आणि पुढे भाषा बदलेल तेव्हाही हेच करते, त्यामुळे आपण आधी केलेला बदल पुसला जातो. म्हणून शब्द त्या त्या भाषेच्या कॅप्शनमध्येच द्यावा लागतो. त्यासाठी सेटलोकेलकॅप्शन हा आदेश आहे. त्यात भाषा, कॅप्शनचे नाव आणि शब्द अशा तीन गोष्टी द्यायच्या असतात, आणि कॅप्शन आधीपासून नसले तरी तो ते नवीन तयार करतो. ‘मराठी, थिअरम, प्रमेय’ असे दिले की मराठी चालू असताना थिअरमनेमचा अर्थ ‘प्रमेय’ होतो.

यातही एक खाच आहे. शब्द फक्त मराठीसाठी दिला आणि इंग्रजीसाठी द्यायचा राहिला, तर दस्तऐवज इंग्रजीने सुरू होत असल्यास पहिल्याच प्रमेयाला ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स’ (अज्ञात आदेश) ही चूक मिळते. मराठीने सुरू होत असल्यास चूक दाखवली जात नाही, पण सिलेक्टलँग्वेजने इंग्रजीत आल्यावरही शीर्षकात ‘प्रमेय’च राहते, कारण इंग्रजीच्या कॅप्शनमध्ये तो शब्द बदलणारे काहीच नसते. म्हणून जितकी एन्व्हायर्नमेंट तितके शब्द प्रत्येक भाषेत द्यावेत, आणि ते एकाच ठिकाणी, तक्त्यासारखे एकाखाली एक लिहावेत. शालेय भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता हे शब्द रुळलेले आहेत, ते वाचकाला परके वाटत नाहीत. ‘लेमा’साठी मात्र कोणी साहाय्यक प्रमेय लिहितो, कोणी पूर्वप्रमेय. कोणताही एक निवडावा, पण तो या तक्त्यातूनच यावा.

भाषा चुकीच्या जागी, किंवा अर्धवट बदलणे

सर्व नावे बरोबर देऊनही शीर्षक इंग्रजीच राहत असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे भाषा एन्व्हायर्नमेंटच्या आत बदलली आहे का. बिगिन होताच शीर्षक तयार होते, म्हणून आत लिहिलेला सिलेक्टलँग्वेज फक्त मजकुरापुरता लागू होतो. बदल बिगिनच्या आधी हवा.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. बेबलमध्ये फॉरिनलँग्वेज हा आदेश आणि तारांकित अदरलँग्वेज एन्व्हायर्नमेंट शब्दतोड व फाँट बदलतात, परंतु कॅप्शन-नावे आणि तारीख बदलत नाहीत. ती बदलण्यासाठी सिलेक्टलँग्वेज किंवा तारा नसलेले अदरलँग्वेजच लागते. बेबलचा ऑनकॅर हा पर्याय वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. या पर्यायामुळे देवनागरी अक्षर दिसताच लुआलाटेक मराठी फाँट लावते आणि पान अगदी निर्दोष दिसते, पण त्यामुळे कॅप्शन बदलत नाहीत. अक्षरे नीट दिसत आहेत यावरून चालू भाषा मराठी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

तिरप्या अक्षरांचा आग्रह

एएमएसथिअरमची ‘प्लेन’ शैली प्रमेयाचा मजकूर तिरपा छापते आणि प्रूफ एन्व्हायर्नमेंट आपले शीर्षक तिरपे छापते. देवनागरी फाँटांना सहसा तिरपे रूप नसते, त्यामुळे लॉगमध्ये हा आकार उपलब्ध नसल्याची सूचना येते आणि सरळ अक्षर वापरले जाते. काही जण ही सूचना घालवण्यासाठी अक्षर कृत्रिमरीत्या कलवणारा फेकस्लँट पर्याय लावतात. त्याने शिरोरेषा आडवीच राहते आणि काने-वेलांट्या मात्र कलतात, आणि ओळ वाचताना डोळ्याला खुपत राहते. मराठी फाँटच्या इटॅलिकफाँटमध्ये तोच सरळ फाँट दिला की सूचनाही जाते आणि अक्षरही शाबूत राहते.

पण यातून एक खरे नुकसान होते. व्याख्येत जी संज्ञा सांगायची असते ती आपण एम्फ या जोर देणाऱ्या आदेशात लिहितो, आणि तिरपे रूपच नसल्यामुळे ‘ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतात त्याला समद्विभुज त्रिकोण म्हणतात’ या वाक्यात ‘समद्विभुज त्रिकोण’ हे शब्द आजूबाजूच्या शब्दांसारखेच दिसतात. विद्यार्थ्याला नवी संज्ञा कोणती ते कळत नाही. यासाठी डिक्लेअरएम्फसीक्वेन्स आदेशाने ठळक अक्षर निवडावे. हा आदेश लाटेकमध्ये 2020 पासून आहे.

अंक

क्रमांक देवनागरीत हवेत म्हणून बेबलप्रोव्हाइड आदेशात मॅपअरेबिक पर्याय देणे सोपे वाटते, परंतु काउंटरचा आकडा देणारा अरेबिक हा आदेश केवळ छपाईसाठीच वापरला जात नाही. प्रमेयांचे संदर्भ देणारे क्लेव्हररेफ पॅकेज लेबल साठवताना काउंटरची किंमत याच आदेशाने लिहिते आणि नंतर क्रम लावताना तिच्याशी तुलना करते. तिथे १, २ आले की ‘मिसिंग नंबर’ अशी चूक दुसऱ्या फेरीत येते आणि तिचा अंकांशी संबंध असेल हे चटकन सुचतही नाही. क्लेव्हररेफ वापरायचे असल्यास अरेबिकला हात न लावता प्रमेयाचा क्रमांक छापणाऱ्या दथिअरम या मॅक्रोतच मराठीकाउंटर हा बेबलचा आदेश वापरावा. लेबलमध्ये क्रमांक छापल्या रूपात साठतो, त्यामुळे इंग्रजी परिच्छेदातील संदर्भही ‘१.२’ असा येतो. ते योग्यच आहे, कारण वाचक तो आकडा शीर्षकांतच शोधणार असतो.

संदर्भ

हायपररेफ पॅकेजचा ऑटोरेफ हा संदर्भाचा आदेश काउंटरवरून नाव ठरवतो, त्यामुळे सामायिक काउंटर असेल तर उपप्रमेयालाही तो ‘प्रमेय’ म्हणतो. त्यावर एलिअसकाउंट पॅकेज हा उपाय आहे, किंवा क्लेव्हररेफ वापरावे. क्लेव्हररेफमध्ये पॅकेजांचा क्रम पाळावाच लागतो: आधी एएमएसथिअरम आणि हायपररेफ, मग क्लेव्हररेफ, आणि त्यानंतर न्यूथिअरमच्या ओळी. त्यात मराठीची तयार नावे नाहीत, म्हणून क्रेफनेम आदेशात ‘प्रमेय’ आणि ‘प्रमेये’ अशी दोन्ही रूपे देऊन तो एक्स्ट्राजमराठीमध्ये (मराठी सुरू होताच चालणाऱ्या आदेशांत) जोडावा. जोडशब्दही बदलावेत, नाहीतर ‘प्रमेये १.२’ आणि ‘१.३’ यांच्यामध्ये इंग्रजी ‘अँड’ येतो.

आपोआप येणारे नाव नेहमी प्रथमेत असते, त्यामुळे ‘प्रमेय १.२ वरून’, ‘प्रमेय १.२ नुसार’ अशी रचना चालते, परंतु ‘प्रमेयाच्या’ किंवा ‘प्रमेयांवरून’ असे सामान्यरूप पॅकेजकडून मिळणार नाही. अशा वाक्यात शब्द हाताने लिहून केवळ क्रमांकासाठी रेफ हा आदेश वापरावा.

एन्व्हायर्नमेंटचे नाव देवनागरीत

लुआलाटेकमध्ये ‘प्रमेय’ हेच एन्व्हायर्नमेंटचे नाव ठेवता येते आणि ते चालतेही. धोका असतो न दिसणाऱ्या फरकांचा. ‘निष्कर्ष’मध्ये एका ठिकाणी शून्यरुंदीचे जोडचिन्ह आले आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, किंवा ‘ऱ’ एका कळफलकाने एकसंध दिला आणि दुसऱ्याने ‘र’ व नुक्ता मिळून, तर डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात आणि लाटेक मात्र असे एन्व्हायर्नमेंटच नाही असे सांगते. अनेक जण मिळून एका फाइलवर काम करत असतील तर आतली नावे रोमन लिपीतच ठेवावीत.

सादरीकरणासाठीचा बीमर किंवा शोधनिबंधांसाठीचा एलएलएनसीएस यांसारखे वर्ग (दस्तऐवजाचे साचे) थिअरम आधीच तयार करून ठेवतात आणि आपली व्याख्या ‘आधीच अस्तित्वात आहे’ म्हणून नाकारली जाते. बीमरमध्ये नोथिअरम्स हा पर्याय देऊन ती वाट मोकळी करता येते.

आणि नावे किंवा अंकांची पद्धत बदलल्यानंतर जुनी ऑक्स फाइल (जिच्यात लाटेक क्रमांक साठवते) काढून टाकून दोनदा लुआलाटेक चालवावे, अन्यथा दुरुस्त झालेली चूकही पहिल्या फेरीत तशीच दिसते.