भरकटलेला समुद्रपक्षी ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात वारं पिसाळलं की एरवी खोल समुद्रात राहणारे पक्षी जुहू, वर्सोवा, अक्सा अशा किनाऱ्यांवर, कधी थेट शहरातही येऊन पडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हापासून अशा पक्ष्यांकडे अधिक जणांचं लक्ष जातंय, याचा आनंद आहे. पण ओळखीत घोटाळे होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी दुर्मिळ नाव मनात धरायचं आणि मग पक्ष्याकडे बघायचं. वरून काळा, खालून पांढरा सुरय (म्हणजे टर्न, निमुळत्या पंखांचा पाणपक्षी) दिसला की लगेच ‘सूटी टर्न’ लिहून मोकळं व्हायचं! आधी ब्रायडल्ड टर्न नाही ना, हे तपासा. तो वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर वीण घालतो, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचा. कपाळाचा पांढरा रंग कुठे संपतो ते नीट बघा. ब्रायडल्डची अरुंद पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. सूटीचा पांढरा पट्टा रुंद असतो आणि डोळ्यापाशीच थांबतो. पाठही बघा. ब्रायडल्डची करडी-तपकिरी असल्याने काळ्या टोपीपेक्षा फिकी दिसते, सूटीची टोपीइतकीच काळी. मात्र ढगाळ उजेडात पाठीच्या रंगावर एकट्यावर विसंबू नका. अंगभर काळपट आणि पाठीवर पांढरे ठिपके असतील तर ते सूटीचं पिल्लू असू शकतं.

घारीला फ्रिगेटबर्ड (खोल समुद्रावर उडणारा मोठा काळपट पक्षी) समजणं हेही नेहमीचंच. घार वळताना शेपूट सतत पिळते. फ्रिगेटचे पंख लांब, टोकदार, कोनात मोडलेले असतात आणि चोच लांब, टोकाला आकडी. त्याची नेमकी जात ठरवायला पोट आणि बगला दिसणारे फोटो लागतात. ते नसतील तर नुसतं ‘फ्रिगेटबर्ड’ लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

झूम केलेल्या फोटोवरून आकार ठरवू नका, शेजारी बसलेल्या कावळ्याशी किंवा कुरवाशी (सीगलशी) तुलना करा. जाणकारांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर भुवईसारखे बारकावे पुसले जातात.

शोधायला पहाटे जा, गर्दी व्हायच्या आत. वाळूवर बसलेला कुरव-सुरयांचा अख्खा थवा एकेक करून तपासा, पाहुणा बहुतेकदा त्यांच्यातच असतो.

पक्षी वाळूवर निपचित बसला असेल तर फोटोसाठी उडवू नका आणि ‘घरी पाठवतो’ म्हणून लाटांत तर मुळीच सोडू नका. तो उपाशी आणि थकलेला असतो. चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.