एकाच घरात कुत्रा, मांजर, ससा आणि पक्षी: या चुका टाळा

वेगवेगळे प्राणी एका घरात सुखाने नांदू शकतात. मात्र एका प्राण्याला लागू पडते ते दुसऱ्यालाही चालेल असे गृहीत धरले, की अडचणी सुरू होतात.

सर्वांत घातक चूक औषधांच्या बाबतीत होते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी त्वचेवर लावायच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराच्या यकृताला मात्र त्याचा निचरा नीट करता येत नाही, त्यामुळे मांजराला कापरे भरते, झटके येतात आणि वेळेत उपचार न मिळाल्यास ते दगावते. औषध थेट मांजराला लावले नाही म्हणून धोका टळत नाही, कारण नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणे किंवा त्याची मान चाटणे एवढेही विषबाधेला पुरेसे ठरते. ज्या घरात मांजर आहे तिथे हे औषध आणूच नये आणि पशुवैद्यांकडून दुसरा पर्याय घ्यावा. सशाच्या बाबतीत हीच खबरदारी फिप्रोनिल या पिसवा-गोचिडांवरच्या औषधाविषयी घ्यावी लागते.

खाण्याचेही तसेच आहे. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल आहारातूनच मिळावे लागते. कुत्र्याच्या खाद्यात ते पुरेसे असेलच असे नाही, आणि दीर्घकाळ कमी पडले तर हृदयाचे स्नायू व दृष्टिपटल यांवर परिणाम होतो. दोघांना वेगळ्या जागी, ठरावीक वेळी खायला द्यावे आणि उरलेले उचलून ठेवावे.

नव्या प्राण्याला आणल्याबरोबर जुन्यासमोर सोडणे ही घाईही महागात पडते. आधी त्याला स्वतंत्र खोलीत ठेवून तपासणी करून घ्यावी. पक्षी असेल तर हा काळ किमान महिनाभराचा असावा. कुत्रा आणि मांजर यांची ओळख वासापासून सुरू करावी: अंथरुणांची अदलाबदल, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग जाळीआडून दर्शन आणि शेवटी कुत्र्याला पट्ट्याला धरून भेट. कुत्र्याचे शेपूट हलत असले, पण अंग ताठ, तोंड मिटलेले आणि नजर मांजरावर खिळलेली असेल, तर ती मैत्री समजू नये. एक पायरी मागे यावे. गुरगुरल्याबद्दल त्याला रागावणेही चुकीचे आहे, कारण तो इशारा दाबला गेला की पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता थेट चावू शकतो.

मांजरांमधली भांडणे पुष्कळदा दिसतच नाहीत. एक मांजर दारात नुसते पसरून बसते, दुसरे दोन पावले पुढे येऊन परत फिरते आणि शेवटी पलंगाखाली लघवी करते. शिक्षा मिळते ती या दुसऱ्याला, हे मला फार अन्यायाचे वाटते. मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, शौचासाठी माती भरलेला ट्रे ठेवावा आणि सगळे ट्रे एका ओळीत न मांडता निरनिराळ्या जागी ठेवावेत. बोका ट्रेमध्ये वारंवार बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर तो स्वभावाचा प्रश्न मानू नये. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि अशा वेळी त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे लागते.

ससे आणि पक्षी यांच्याबाबत ‘इतके दिवस काही झाले नाही’ या भरवशावर राहू नये. मांजराच्या तोंडातील पाश्चुरेला जीवाणू दाताच्या बारीकशा जखमेतूनही पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून रक्त दिसत नसले तरी त्याच दिवशी उपचार सुरू करावेत. पिंजऱ्याबाहेर ताटकळणारे मांजर सशाला न शिवताही त्याचे खाणे तोडते. सशाने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर आतड्यांची हालचाल मंदावली असण्याची शक्यता असते, त्यामुळे सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे आणि मांजराला दिसणार नाही अशा खोलीत पिंजरा हलवावा.