भाड्यानं ट्रक घेताय? माल भरायच्या आधी गाडीवरचं नाव, नंबर, परमिट असं तपासा

उसाचा सीझन लागला की आपल्या कर्नाटकातल्या निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर पट्ट्यात ट्रकची नुसती मारामार असते, कोण कागलहून गाडी आणतंय, कोण गडहिंग्लजहून, कोण मिरजेहून, फोनवर रेट ठरला, ॲडव्हान्स गेला की गाडी डायरेक्ट फडात. माझं म्हणणं एवढंच, माल भरायच्या आधी गाडीवर जे जे लिहिलंय ते आरसीशी (गाडीच्या नोंदणीपत्राशी) जुळवून घ्या. रस्त्यात गाडी अडवली की साहेब आधी गाडीवरचं वाचतात, तुमचं मालकाशी फोनवर काय ठरलंय ते त्यांना काय माहीत.

सुरुवात नंबर प्लेटपासून करा. धंद्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची पिकअप कुणी "घेऊन जा की, कोण बघतंय" म्हणून स्वस्तात दिली तरी घेऊ नका, ती प्रायव्हेट गाडी आहे, भाड्याचा माल असताना ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, जुन्या गाड्यांना पण आता कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडं ती बसवायला लावलीय. अस्सल प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, खाली डाव्या कोपऱ्यात बारीक लेसरचा नंबर असतो, आणि प्लेट स्क्रूनं नाही तर लॉकनं बसवलेली असते, एकदा बसवली की तोडल्याशिवाय निघत नाही. बोटानं हलवून बघा. स्क्रू दिसला तर मालकाला विचारायचंच. पुढच्या काचेवर डाव्या बाजूला वर एक स्टिकर पण असतं, डिझेल गाडीला नारंगी, त्यावरचा गाडी नंबर प्लेटशी जुळला पाहिजे.

मग चॅसी नंबर. हे काम सगळे टाळतात कारण हात काळे होतात, पण खरी ओळख तीच. ट्रकचा चॅसी नंबर बहुतेक उजव्या बाजूच्या फ्रेमवर पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो, वर चिखल आणि ग्रीसचा थर बसलेला. डिझेलच्या फडक्यानं पुसा, मोबाईलची टॉर्च तिरकी धरा म्हणजे अक्षरं उठून दिसतात, नाही दिसली तर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटतो. तो आरसीतल्या नंबरशी एकेक अक्षर जुळवा. आरसी झेरॉक्सवर बघू नका, मालकाला डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये उघडून दाखवायला सांगा, ते कायद्यानं चालतं.

आता दारावरचं नाव. आपल्याकडं गाडी विकली जाते पण दारावर जुन्या मालकाचं नाव-गाव तसंच राहतं, वर गेल्या सीझनच्या कारखान्याचं स्टिकर. अशी गाडी तुम्ही चालवायला घेतली तर दारावर एक नाव, आरसीत दुसरं, बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) तिसरं, चेकिंगला संशय येणारच. तारीख संपलेलं स्टिकर खरवडून काढा, जुनं नाव पुसून घ्या, आरसीतल्या मालकाचं नाव पेंटरकडून लिहून घ्या, ऑटोनगरात हे काम लगेच होतं. खाली रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं ते पण आरसीतल्या आकड्याशी जुळवा. पेंटरनं जुन्या आकड्यावरच ब्रश फिरवलेला असतो, आणि वजनकाट्यावर आरसीतलाच आकडा धरतात.

दोन-चार दिवसाचं भाडं असेल तर सही केलेला करारनामा केबिनमध्ये ठेवला की पुष्कळ झालं, त्यात गाडी नंबर, तारखा, ड्रायव्हर कुणाचा, दंड कुणी भरायचा हे स्पष्ट लिहा. पण वर्ष-दोन वर्षाच्या लीजवर घेताय तर आरटीओत फॉर्म ३४ भरून लीजची नोंद आरसीवर चढवून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणं लीजवरच्या गाडीचा ताबा ज्याच्याकडं तोच 'मालक' धरला जातो, म्हणजे गाडी माझी नाही असं म्हणून सुटता येत नाही, मग कागदावर तरी नीट या. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेला विचारल्याशिवाय लीज करू नका. आणि एमएच-०९ ची (कोल्हापूरची) गाडी केए-२२ किंवा केए-२३ च्या (बेळगाव, चिक्कोडीच्या) हद्दीत बारा महिन्यांच्या वर ठेवली तर इकडचा नंबर घ्यावा लागतो, कलम ४७.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते परमिटमध्ये. गाडीच्या पुढं-मागं 'नॅशनल परमिट' किंवा 'एन/पी' लिहिलेलं दिसलं की लोक समजतात गाडी कुठंही चालते. तसं नाही. नॅशनल परमिटची परराज्यातली गाडी आपल्या कर्नाटकात एका गावात भरून दुसऱ्या गावात उतरवू शकत नाही, म्हणजे कोल्हापूरची एन/पी गाडी कागलहून बेळगावला माल आणू शकते, पण रायबागचा ऊस चिक्कोडीच्या कारखान्याला टाकू शकत नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्या माणसाला हे पटत नाही, नदीच्या अलीकडं-पलीकडं आपलीच शेती आणि आपलेच पाहुणे असतात, पण कायदा राज्याची हद्द बघतो. लोकल वाहतुकीला कर्नाटक परमिटचीच गाडी बघा. परमिट मालकाच्या नावावरच राहतं, तुमच्या करारानं ते तुमच्या नावावर होत नाही हे पण लक्षात ठेवा. परमिट चालू आहे का, तारीख काय, हे ॲडव्हान्स द्यायच्या आधी.

ई-वे बिलात, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाईन बिलात, गाडी नंबर टाकताना प्लेटकडं बघून टाका, व्हॉट्सॲपवर आलेला नंबर कॉपी करू नका. परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजारावरच्या मालाला साधारणपणे हे बिल लागतं, वाटेत गाडी बंद पडून दुसरी लावली तर बिलाच्या पार्ट बी मध्ये (गाडीच्या माहितीच्या भागात) नवा नंबर टाकायचा आणि मगच पुढं निघायचं. फास्टॅग पण त्याच नंबरचा आहे का बघा, कोगनोळी नाहीतर हत्तरगीच्या टोलला रांगेत उभं राहून मालकाला फोन लावत बसू नका.

रिफ्लेक्टर टेप मात्र मनापासून बघा, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री बिनलाईटच्या उभ्या असतात आणि दरवर्षी मोटरसायकलवाली पोरं मागून जाऊन धडकतात, त्यातली कितीतरी आपल्याच गावची असतात. ट्रॉली भाड्यानं घेतली तर तिला पण वेगळा नंबर लागतो, आणि ऊस भरल्यावर मागची टेप नि नंबर वाढ्यांखाली (उसाच्या शेंड्याच्या पानांखाली) झाकले जातात, तेव्हा भरून झाल्यावर मागं जाऊन बघा, झाकलं असेल तर वाढे कापून मोकळं करा.

गाडी परत देताना तुमच्या फर्मचं नाव, स्टिकर, फास्टॅगला जोडलेलं तुमचं अकाउंट, सगळं काढून घ्या, आरसीवर लीज चढवली असेल तर फॉर्म ३५ देऊन उतरवा, आणि गाडी किती वाजता, किती किलोमीटरला परत दिली ते लिहून मालकाची सही घ्या.