वळिवाच्या वादळापूर्वी आणि नंतर या चुका टाळा

थंड प्रदेशातल्या हिमवादळाचा अंदाज काही दिवस आधी बांधता येतो; आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातला वळिवाचा ढग मात्र एप्रिल-मेच्या दुपारी तासा-दोन तासांत तयार होतो आणि सोसाट्याचा वारा, विजा व कधी गारा घेऊन कोसळतो. त्यामुळे ढग दिसल्यावर तयारीला लागणे हीच पहिली चूक ठरते.

सीमाभागात सर्रास होणारी दुसरी चूक म्हणजे मराठी वाहिनीवर कोल्हापूरचा अंदाज ऐकून तोच आपला मानणे. हवामान विभागाच्या विभागणीत कोल्हापूर मध्य महाराष्ट्रात, तर बेळगाव उत्तर अंतर्गत कर्नाटकात येते, आणि आपल्या जिल्ह्याचे इशारे बंगळूरच्या केंद्राकडून निघतात. वळिवासाठी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज सर्वांत उपयोगी असतो. मोबाइलवर आलेला कानडी इशारा न वाचता पुसून टाकू नये. सिडिलु म्हणजे वीज, बिरुगाळी म्हणजे सोसाट्याचा वारा आणि आलिकल्लु म्हणजे गारा, एवढे तरी घरातल्या थोरामोठ्यांना सांगून ठेवावे.

पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे, पण ती धोक्याची आहे. छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो, उघड्या पडवीतून आत शिरलेला वारा त्याच वेळी खालून उचलतो, आणि मग तोच दगड खालच्या माणसाच्या किंवा जनावराच्या अंगावर येतो. हा ओढा कडांना आणि कोपऱ्यांना सर्वाधिक असल्यामुळे तिथले हुक आधी तपासावेत. वॉशर चिरलेला असेल, भोकाभोवती गंज चढून ते रुंदावले असेल आणि हाताने पत्रा हलत असेल, तर हुक नव्या जागी घेऊन वाशाला घट्ट आवळावा. हे काम शांत हवेत, सकाळीच उरकावे. वारा सुटल्यावर छपरावर चढणे जिवावर बेतू शकते.

शेतात असताना पाऊस आला की आंब्याखाली किंवा काजूच्या झाडाखाली आसरा घेतला जातो आणि जनावरेही तिथेच बांधली जातात. वीज पडून माणसे दगावतात ती पुष्कळदा अशाच जागी. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

तुटून पडलेली तार वीज गेली आहे म्हणून निर्धोक समजू नये, कारण पुरवठा कोणत्याही क्षणी परत येतो. दूर राहून १९१२ या वीज तक्रारीच्या क्रमांकावर कळवावे. विहिरीवरची स्टार्टर पेटी भिजली असल्यास ती पूर्ण वाळून वायरमनने पाहिल्याशिवाय मोटार चालू करू नये.

गारपिटीनंतर झोडपलेले पीक लगेच आवरण्याची घाई होते आणि विम्याचा पुरावाच नाहीसा होतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अशा स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. म्हणून आधी फोटो काढावेत, विमा कंपनीला, बँकेला किंवा कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्राला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि त्यानंतरच शेताला हात लावावा.